तंबोरे, स्पीकर आणि मनीची नखे

आमच्या घरात वाद्ये आधी आली, मांजरे नंतर. अण्णा, म्हणजे माझे सासरे, माधव संगीत महाविद्यालयात शिकले. १९१८ साली महाराज माधवराव शिंद्यांनी संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली ग्वाल्हेरात सुरू केलेली ती शाळा. अण्णांनी मिरजेहून आणवलेले दोन तंबोरे, हार्मोनियम आणि तबला-डग्गा मी लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या या घरात आले तेव्हापासून बैठकीत पाहते आहे. पुढे मुलगा मोठा झाला, तसा त्याच खोलीत त्याचा कीबोर्ड, ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर आले.

मांजर आली ती उंदरांमुळे. दाल बाजार आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि धान्याची गोदामे जवळ असली की उंदीर घरात शिरणारच. हार्मोनियमच्या भात्यात पुठ्ठा, कापड आणि कातडे असते. तबल्याच्या तोंडावरची पुडी बकऱ्याच्या कातड्याची, ती ताणून धरणाऱ्या वाद्या कातड्याच्या, आणि पुडीवरच्या काळ्या शाईत लोखंडाच्या भुकटीबरोबर खळ असते. उंदराच्या दृष्टीने हे सगळे खाण्याचेच सामान. एका पावसाळ्यात भाता दोन घड्यांवर कुरतडला गेला आणि त्यानंतर सासूबाईंनीच शेजारच्या वाड्यातली मनी घरात ठेवून घेतली. उंदीर बंद झाले. म्हणून पुढे जेव्हा नखांचा प्रश्न आला, तेव्हा ‘मांजरच काढून टाका’ हा सल्ला आम्ही विचारातही घेतला नाही. मनीने वाद्ये वाचवली होती. आता तिच्यापासून ती वाचवायची होती, आणि तीही तिला न दुखावता.

पहिले ओरखडे स्पीकरवर दिसले. समोरच्या जाळीचे कापड सैल विणीचे असते. त्यात नख रुतते, ओढले की धागा सुटतो, आणि मांजराला नेमके तेच हवे असते. कापड फाटले याचे इतके वाईट वाटले नाही, पण त्याच्या मागे स्पीकरचा कागदी पडदा असतो. त्याला एक चीर पडली की खर्जात फरफर सुरू होते आणि मग तो भाग बदलण्यावाचून गत्यंतर नसते. नंतर हार्मोनियमच्या भात्याच्या कडेला बारीक छिद्रे दिसली. ते काम मनीच्या पिल्लाचे, गोटूचे. आणि मग तंबोऱ्याच्या गवसणीचे, म्हणजे कापडी खोळीचे, दोरे लोंबायला लागले.

गवसणी सासूबाईंच्या हातची, जुन्या सुती नऊवारीच्या घड्यांना धावदोरा घालून शिवलेली. आतल्या तंबोऱ्यावर मात्र एकही ओरखडा नव्हता, कारण लाखेच्या पॉलिशवर नख ठरत नाही, घसरते. तरीही मला सगळ्यात जास्त भीती तंबोऱ्याचीच होती. तो कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा असायचा आणि गवसणीवर लटकणाऱ्या मांजराच्या वजनाने कलंडला असता, तर भोपळा तडकला असता. वाळलेल्या भोपळ्याचे कवच ते, किती सोसणार? मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला होता, पण फुटलेला भोपळा तिथल्या कारागिराकडे न्यायचा तर ग्वाल्हेरहून हजार किलोमीटरच्या वर प्रवास. शिवाय जुळलेल्या जोडीतला एक तंबोरा गेला की दुसराही एकटा पडतो. म्हणून बाकी काही करण्याच्या आधी दोन्ही तंबोरे कोपऱ्यातून काढून रुंद दिवाणावर आडवे ठेवले, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी वरच्या बाजूला येईल असे, भोपळ्याला दोन्हीकडून उशांचा आधार देऊन.

सल्ले तर दारावर येऊन मिळत होते. कुणी म्हणाले फरशी फिनाईलने पुसा, वासाने येणार नाही. कुणी म्हणाले वाद्यांच्या पेटीत डांबर गोळ्या ठेवा. लिंबाचे तेल लावा, लाल तिखट भुरभुरा, पाण्याचा फवारा मारा. यातले काहीही करण्याआधी मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारले आणि ते बरे झाले. डांबर गोळी मांजराला विषारी. ती हुंगण्यात, चाटण्यात आली तर रक्तातल्या तांबड्या पेशींना आणि यकृताला इजा होते. फिनाईलमधली फिनॉल जातीची द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि ओल्या फरशीवरून चाललेले मांजर नंतर स्वतःचे पंजे चाटतेच. लिंबू-संत्र्याच्या तीव्र तेलांचेही तेच. ही माहिती प्रत्येक मांजर पाळणाऱ्या घरात असायला हवी असे मला मनापासून वाटते, कारण आपल्याकडे ट्रंकेत डांबर गोळी आणि फरशीला फिनाईल हे न विचारता केले जाते. आमच्या तबल्याच्या कपाटातही वर्षानुवर्षे डांबर गोळ्या होत्या. त्या त्याच दिवशी काढल्या, कपाट आठवडाभर उन्हात उघडे ठेवले आणि आता तिथे वाळलेला कडुनिंबाचा पाला असतो. फरशी साबणाच्या पाण्याने पुसते.

तिखटाचा विचार तर वाद्यासाठीही वाईट. भात्याजवळची पूड हवेबरोबर आत खेचली जाणार, सुरांच्या पत्त्यांवर बसणार आणि पेटी वाजवणाऱ्याच्या तोंडावर उडणार. पाण्याच्या फवाऱ्याबद्दल डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्याने मांजर खरवडणे सोडत नाही, फक्त तुमच्यासमोर खरवडणे सोडते. आणि घाबरलेले मांजर जास्त खरवडते. नखे कायमची काढून टाकण्याबद्दल मी कुठेतरी वाचले होते. त्यात नख नाही, बोटाचे शेवटचे हाड कापले जाते, हे त्यांनी स्वतःच्या बोटाचे पेर दाखवून समजावले. आपण रियाज करणारी माणसे, बोटाचे पेर म्हणजे काय हे आम्हाला निराळे सांगायला नको.

त्यांनी मला विचारलेला प्रश्न मात्र मी स्वतःला कधी विचारला नव्हता. “कशावर खरवडते ते कळलं. पण कधी खरवडते?”

मग मी पाहायला लागले. पेटीजवळच्या वहीत, जिच्यात विद्यार्थिनींच्या चिजा लिहिलेल्या असतात, तिच्या मागच्या पानांवर वेळा टिपल्या. चित्र फार लवकर स्पष्ट झाले. मनी झोपेतून उठल्या उठल्या खरवडायची. मुलगा कॉलेजातून आला की खरवडायची. जेवणाआधी थोडेसे. इतर वेळी स्पीकरकडे बघतही नसे. आणि झोपायची कुठे? ॲम्प्लिफायरवर. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच पटेल. पौषात रात्रीचा पारा चार-पाच अंशांवर येतो, दगडी घरे गार पडतात, आणि मुलगा रियाज संपवून उठला तरी ॲम्प्लिफायर बराच वेळ ऊबदार राहतो. मनी त्यावर झोपायची, उठायची, खाली उडी मारायची, आणि अंग ताणायला समोर जी पहिली उभी, जड, न हलणारी वस्तू सापडेल तिला पंजे लावायची. ती वस्तू म्हणजे स्पीकर. त्यावर नख रुतणारे कापडही होते.

खरवडणे ही मांजराची खोड नाही, गरज आहे. नखावर थर असतात. बाहेरचा जुना थर सुटून खालचे टोक मोकळे व्हावे लागते. स्पीकरच्या पायाशी सतरंजीवर मला चंद्रकोरीच्या आकाराची पोकळ टरफले मिळायची, ती हीच. शिवाय पंजाच्या गाद्यांमध्ये गंधग्रंथी असतात. खरवडताना वास उमटतो आणि ही जागा माझी अशी खूण राहते. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येते. आणि पाठीपासून खांद्यापर्यंतचे स्नायू ताणणे, हेही त्यातच. एवढे कळल्यावर ‘हे कसे थांबवू’ हा प्रश्न बाजूला पडला. स्पीकरपेक्षा चांगली वस्तू स्पीकरच्या शेजारी उभी करायची, इतकेच काम उरले.

खरवडण्यासाठी खांब आम्ही घरीच केला. मनी मागच्या पायांवर पूर्ण ताणून उभी राहिली की तिचे पंजे पाऊण मीटरपर्यंत पोचायचे, म्हणून खांब ९० सेंटीमीटर उंच. जुन्या पलंगाचा सागवानी खूर आणि त्याला जोड. बाजारात मिळणारे बहुतेक खांब बुटके आणि हलके असतात. मांजराने एकदा भार टाकला आणि खांब डगमगला, की ते त्याच्याकडे पुन्हा जात नाही. बुडाला मागच्या अंगणात पडलेली ग्वाल्हेरी दगडाची फरशी लावली, सुताराकडून लोखंडी कोन ठोकून. तो खांब मलाही एका हाताने हलत नाही.

गुंडाळायला काय घ्यायचे यावर मी बराच विचार केला. नायलॉनची दोरी गुळगुळीत, तिच्यात नख धरत नाही. सतरंजीचा किंवा गालिच्याचा तुकडा लावायचा मोह होतो, पण तो मी जाणूनबुजून टाळला. ज्या विणीवर खरवडायला शिकवाल, ती वीण घरात जिथे दिसेल तिथे मांजर खरवडेल. गवसणी, जाळी, सतरंजी, तबल्याखालची चुंबळ यांपैकी कशाशीही न जुळणारा पोत हवा होता. म्हणून तागाची जाड दोरी आणि बारदान. दाल बाजारात जुने बारदान विकणाऱ्याकडे गेले, तर त्याने विचारले, “भाभीजी, कितने बोरे?” मी म्हटले, “भैया, एक ही चाहिए, बिल्ली के नाखून के लिए.” तो हसला नाही. उलट गड्डीतून घट्ट विणीचा पोता शोधून दिला आणि म्हणाला, “हमारे गोदाम की बिल्ली भी इसी पे करती है.” त्या एका वाक्याने मला जेवढा धीर आला तेवढा कशानेच आला नव्हता. पोता धुऊन कडकडीत वाळवला, कारण गोदामातल्या पोत्यांना कीटकनाशक लागलेले असू शकते. खालचा अर्धा खांब दोरीने फेव्हिकॉल लावत घट्ट वेढला, वरचा बारदानाने. बारीक खिळे कुठेही मारले नाहीत, पंजात जातील म्हणून.

आता जागा. खांब गच्चीत किंवा मागच्या पडवीत ठेवावा असे सगळ्यांचे मत. मी तो बैठकीत, थेट ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधे ठेवला. सासूबाईंना ते मुळीच आवडले नाही.

“अगं, बैठकीच्या मधोमध हा पोत्याचा खांब? तानसेन समारोहाला पाहुणे आले तर काय म्हणतील?”

“आई, ती उठून जिथे उडी मारते तिथेच हवा. सवय लागली की थोडा थोडा सरकवते. तुम्ही बघाच.”

“बघते,” म्हणाल्या, आणि खरोखरच रोज बघायच्या. पहिल्यांदा मनी खांबावर चढली तेव्हा मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावणाऱ्या त्याच.

मनीला खांबाकडे वळवण्यासाठी पंजे धरून घासू नयेत. त्याने ती जागा तिला नकोशी होते. मी खांबावर माझीच नखे ओढायचे. तो आवाज ऐकून ती कान टवकारायची. सुतळीचे टोक खांबावरून फिरवायचे, ती ते पकडायला पंजा मारायची आणि नख दोरीत रुतायचे. शिवाय आपल्याकडे खोकली नावाची वनस्पती पडीक जागी, पावसाळ्यात भिंतीच्या कडेला उगवते. तिच्या मुळाच्या वासाने मांजरे वेडावतात. मांजरांसाठी मिळणाऱ्या दुकानी पुड्यांपेक्षा हे मला जवळचे वाटले. ताजे मूळ खांबावर चोळले आणि उरलेले फेकले, खाऊ दिले नाही, कारण ते खाल्ले की ओकारी होते. मनीने खांबाला अंग घासले, लोळली आणि मग पुरे अंग ताणून पंजे लावले. गोटूला मात्र त्याचे काहीच वाटले नाही.

गोटूचे प्रकरणच निराळे निघाले. खांबाकडे तो ढुंकून बघेना. तो उभ्यावर खरवडणारा नव्हताच, आडव्यावर, जमिनीलगत खरवडायचा. सतरंजी त्याचीच, आणि हार्मोनियम खाली ठेवलेली असताना भात्याच्या खालच्या घड्याही त्याच्याच. दोघांची आवड वेगळी असेल हे लक्षात आल्यावर उपाय अगदी साधा सापडला. काथ्याचे जाड पायपुसणे. एक हार्मोनियमच्या जागेशेजारी, एक दारात. दारातले लवकरच त्याचे झाले. पेटीजवळचे जरा उशिरा, पण झाले.

या सगळ्याला वेळ लागतो आणि तोवर वाद्ये उघडी टाकता येत नाहीत. जिवाजीगंजात सरोद घर आहे, तिथे जुन्या उस्तादांची वाद्ये जतन केलेली आहेत. मी अनेकदा गेले आहे. पण घरातले वाद्य रोज हाताळले जाणारे, ते कुलपात ठेवून चालत नाही. रोज काढावे लागेल, रोज ठेवावे लागेल, आणि ठेवणे जितके अवघड तितके ते राहून जाते. म्हणून मी असेच उपाय केले जे थकलेल्या माणसालाही रात्री करता येतील.

स्पीकरची कापडी जाळी काढून तिच्या जागी बारीक छिद्रांची पोलादी जाळी बसवून घेतली. नख तिच्यात शिरत नाही आणि आवाजात आमच्या कानांना फरक जाणवला नाही. दोन्ही बाजूंना काही दिवस दुतर्फी चिकटपट्टी लावली होती. पंजाला चिकट लागलेले मांजराला आवडत नाही. पण ही पट्टी तंबोरा, पेटी, तबला यांच्या जवळपासही नेऊ नये. लाखेचे पॉलिश तिच्याबरोबर सोलून येते. हार्मोनियमचा भाता वाजवून झाला की आकडे लावून बंद, आणि पेटी डब्यात. तबला-डग्गा कपाटात. विद्यार्थिनींनाही ही शिस्त लावली आणि त्यांनी ती माझ्यापेक्षा कसोशीने पाळली.

गवसणी नवी शिवावी लागली. रेक्झिनची शिवा असे शिंप्याने सुचवले, आणि नखाच्या दृष्टीने ते खरेही होते. पण रेक्झिन पावसाळ्यात आतला ओलावा धरून ठेवते. ओलाव्याने तबल्याचे कातडे सैल पडते, तंबोऱ्याच्या तारा गंजतात, लाकूड फुगते. त्यामुळे बाहेरून घट्ट विणीचे गुळगुळीत साटीन आणि आतून जुनेच मऊ सुती कापड. जुनी नऊवारी अशी आत राहिली, हे सासूबाईंना फार आवडले. आता दोन्ही तंबोरे त्या गवसणीत, दिवाणावर, आणि मांजरांनी त्यात रस घेणे सोडून दिले आहे.

नखे कापायला आम्ही दोघी बसतो, सासूबाई आणि मी. मांजराला पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, एकूण अठरा नखे. बोटाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येते. उजेडात धरले की आतली गुलाबी शीर दिसते. तिच्या बरेच अलीकडे, नुसते पांढरे टोक कापायचे. जेवून सुस्तावलेल्या मांजराला मांडीवर घेऊन एका बैठकीत एकाच पंजाचे झाले तरी चालते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. बोथट नख खांबावर तसेच चालते, पण चुकून वाद्यावर पडले तर धागा ओढत नाही.

उरला ॲम्प्लिफायर. त्यावर झोपणे नुसत्या नखांसाठी वाईट नव्हते. हवा खेळण्याच्या फटी अंगाखाली दबतात, केस आत जातात आणि यंत्र तापते. पण मनीला हाकलून चालणार नव्हते, कारण ऊब हवी ही मागणी खरी होती. मुलाने खिडकीपाशी, जिथे सकाळचे ऊन येते, एका लाकडी खोक्यात जुनी रजई घालून दिली आणि रात्री त्यात कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवायला लागला. रियाज संपला की ॲम्प्लिफायरचे बटण भिंतीवरूनच बंद करायचे आणि पुरता गार झाला की वर झाकण. मनी तिसरीकडे कुठेच गेली नाही, थेट खोक्यात आली. आणि तिची झोपेची जागा हलली, तसा मी खांबही खोक्याजवळ सरकवत नेला, एका वेळी वीतभर. घाई केली नाही. खिडकीशी पोचायला अर्धा हिवाळा गेला, पण तोवर स्पीकरचा तिला विसर पडला होता.

डिसेंबरात इथल्या तानसेन समारोहाच्या, म्हणजे संगीत महोत्सवाच्या, दिवसांत बाहेरगावचे गवई-वादक नातलग मुक्कामाला येतात. त्यांच्या वाद्यांच्या पेट्यांना, पिशव्यांना परक्या घराचा, कदाचित परक्या मांजराचाही वास असतो, आणि त्यावर आपली खूण करावी असे मनी आणि गोटू दोघांनाही वाटते. तेव्हा पाहुण्यांची वाद्ये सरळ आतल्या खोलीत जातात आणि कडी लावली जाते. पाहुण्यांना कारण सांगते. संगीतातल्या माणसांना ते एका वाक्यात कळते.

खांबाची दोरी वर्षभरात झिजून तिच्या झिरमिळ्या झाल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “सगळी काढून नवी लाव, घाण दिसते.” ती घाण मांजराला हवी असते. झिरमिळ्यांमध्ये त्याचा वास मुरलेला असतो आणि नव्या कोऱ्या दोरीकडे पाठ फिरवून ते पुन्हा स्पीकरकडे जाऊ शकते. म्हणून फक्त वरचे, पार तुटलेले वेढे काढले आणि नवी दोरी जुन्यावर चढवली, खालची तशीच ठेवून. सासूबाईंनी तेवढे चालवून घेतले. गोटूचे दारातले पायपुसणे मात्र आता बदलायला आले आहे. नवे आणले आहे, आणि जुन्याच्या शेजारीच टाकले आहे, तो त्यावर जाईपर्यंत.